नागपुरात संत्रं कोण देतं?

नाताळच्या दुपारी शेजारच्या मावशींकडून ताट येतं. क्रोशाच्या रुमालाखाली करंज्या, चकल्या, शेव, केकचा जाडसर तुकडा आणि कडेला एक संत्रं. यंदा ताट घेऊन त्यांचा नातू आला होता. डोक्यावर लाल टोपी, अंगात शाळेचं स्वेटर, पायात स्लिपर. सासूबाईंनी रुमाल उचलला, करंजी मोडून सारणात खसखस आहे का ते आधी पाहिलं, मग संत्रं हातात घेऊन म्हणाल्या, “संत्रं काऊन देतेत वो हे? आपल्या घरी टोपलंभर पडून हायेत.” पोरगं नुसतं हसलं आणि जिन्यावरून उड्या मारत पळालं. सासूबाई करंजी खाऊन विसरूनही गेल्या. मला मात्र ते संत्रं दिवसभर टोचत राहिलं. वर्षानुवर्षं ते त्या ताटातून येतं, आम्ही ते उचलून टोपल्यातल्या बाकीच्या संत्र्यांत टाकतो, आणि दोन मिनिटांत त्यातलं मावशींचं कोणतं हेही ओळखू येत नाही.

नागपुरात संत्रं ही द्यायची वस्तू नाही. म्हणजे बाहेरगावच्यांना द्यायची आहेच. डिसेंबरात इकडून पुण्या-मुंबईला निघालेला माणूस स्टेशनवर रिकाम्या हातांनी दिसला तर लोक त्याच्याकडे संशयानं पाहतील. पण इथल्या इथे, या दारातून त्या दारात? माझं माहेर काटोलकडचं, घरचा बगीचा होता. थंडीत ताण दिलेल्या झाडांना पाणी सोडलं की ती फुलायची, त्या आंबिया बहाराचं फळ दिवाळीनंतर रंग धरायचं आणि नाताळच्या आगेमागे तोड चालायची. व्यापाऱ्याची माणसं यायची. बांधावर तणसाचे ढीग, पेट्या ठोकल्याचा आवाज, आणि अंगणभर तो वास, आंबट म्हणावा तर आंबट नाही, कडू म्हणावा तर कडूही नाही. आम्हा पोरांचा खेळ एकच, साल दुमडून दुसऱ्याच्या डोळ्यात फवारा मारायचा. रात्री लाइट गेली की तोच फवारा मेणबत्तीच्या ज्योतीवर. तडतड ठिणग्या उडायच्या आणि आई ओरडायची. पण खायला आमच्या वाट्याला यायचं ते डागी फळ. एका बाजूनं दबलेलं, किडीनं टोचलेलं, देठाशी सडायला लागलेलं. सुरेख, सबंध, चकचकीत संत्रं पेटीत जायचं, पेटी ट्रकमध्ये आणि ट्रक थेट कलकत्त्याला. बाबा म्हणायचे, चांगला माल घरीच खाल्ला तर सोसायटीचं कर्ज कोण फेडणार?

बिनडागी संत्रं मी खाल्लं ते लग्नानंतर, गोकुळपेठेच्या बाजारातून विकत आणून.

ताट परत द्यायला गेले तेव्हा मावशी गॅलरीतल्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मेथीचे लाडू बघून “हे काऊन आणले?” म्हणाल्या, म्हणजे आवडले. मी सरळ विचारलं, ताटात संत्रं का असतं? त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. “आमाले मिससाहेब द्यायच्या. मनून मी देतो.” एवढंच. पुढचं हळूहळू, शेंगा सोलता सोलता आलं. वडील गेल्यावर आईनं त्यांना मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. वर्षभर ज्वारीची भाकर आणि पातळ वरण. नाताळच्या सकाळी सगळ्या पोरी ओळीनं उभ्या राहायच्या आणि प्रत्येकीच्या हातावर पडायचं एक संत्रं, एक पेन्सिल आणि एक जुनं कार्ड. कार्डं परदेशातून यायची, तिकडच्या लोकांनी एकमेकांना पाठवून झालेली. पुढे बर्फातलं चर्च, घोडागाडी, लाल छातीची चिमणी. मागे कुण्या मार्गारेटनं कुण्या आत्याला लिहिलेला मजकूर. मावशींना तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसायच्या. संत्रं मात्र आपलं एकटीचं. त्यात कुणाची फोड नाही, कुणाचा वाटा नाही. त्या दिवसा-दोन दिवसांत पुरवून खायच्या आणि साली पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवायच्या. “होळीलोक वास यायचा फ्रॉकले.” मला वाटलं आता डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. “आन् उवा झाल्या की त्याच मिससाहेब मशीन लावून डोस्कं सफाचट करायच्या,” त्या म्हणाल्या, आणि खालच्या गाईसाठी वेगळा ठेवायचा म्हणून टरफलांचा ढीग बाजूला सरकवला. त्या बोर्डिंगविषयी त्या एकाच दमात चांगलं आणि वाईट दोन्ही बोलतात. मला त्यांचं हे फार पटतं. कृतज्ञतेची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत.

संत्रं का, हे त्यांनी मिससाहेबांना कधी विचारलं नाही. विचारायची सोयही नसावी. मी आपली पुस्तकं आणि इंटरनेट धुंडाळत बसले. या प्रथेच्या मुळाशी जी गोष्ट सांगतात ती आपल्या ओळखीचीच निघाली, हुंड्याची. चौथ्या शतकात मायरा गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचा बिशप होता. गावातल्या एका माणसाला तीन मुली आणि हुंड्याला दमडी नाही. निकोलसनं रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत फेकली, एकेका मुलीसाठी एकेकदा. नंतरच्या सांगणाऱ्यांनी ती थैली धुराड्यातून खाली आणली आणि शेकोटीपाशी वाळत घातलेल्या पायमोज्यात पाडली. चित्रकारांनी थैल्यांचे तीन सोनेरी गोळे केले. त्या गोळ्यांची आठवण म्हणून इंग्लंड-अमेरिकेत नाताळला पोरांच्या पायमोज्याच्या टोकाशी संत्रं घालतात, असं मानलं जातं. हाच निकोलस पुढे हॉलंडमार्गे अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झाला. मला गोष्टीपेक्षा व्यवहार जास्त पटतो. उत्तर युरोपात डिसेंबरात झाडावर पानसुद्धा नसतं. अशा दिवसांत स्पेनकडून जहाजानं येणारं, केशरी रंगाचं, रसानं भरलेलं फळ गिरणीकामगाराच्या पोराला वर्षातून एकदा मिळत असेल तर त्याला सोनं म्हणायला बिशपाची गोष्ट लागतच नाही.

आणखी एक संत्रं सापडलं. १७४७ साली जर्मनीत मारिएनबोर्नला मोरावियन पंथाच्या एका बिशपानं नाताळच्या प्रार्थनेत प्रत्येक मुलाच्या हातात लाल फीत बांधलेली पेटती मेणबत्ती दिली. त्या मेणबत्तीला बसायला संत्रं मिळालं ते फार नंतर. १९६८ पासून इंग्लंडातल्या चर्चांमध्ये ही ‘क्रिस्टिंगल’ प्रार्थना रुजली. संत्रं म्हणजे पृथ्वी, तिच्याभोवती लाल फीत, वर मेणबत्ती, आणि चार काड्यांवर टोचलेल्या मनुका नि गोळ्या म्हणजे चार ऋतू. संत्र्यात मेणबत्ती खोचायची हे वाचून मला आधी आमच्या अंगणातल्या ठिणग्याच आठवल्या. तिकडच्या पोरांनी प्रार्थना चालू असताना सालीचा फवारा मारून पाहिला नसेल, हे मी मानायला तयार नाही.

आणि ही प्रथा नागपुरात उतरते. ज्या गावात डिसेंबरात रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागतात, कळमन्याच्या मार्केटात ट्रकच्या ट्रक रिकामे होतात, तिथे मिससाहेब पोरीच्या हातावर एक संत्रं ठेवते आणि आपण तिला मायदेशातलं सोनं दिलं असं तिला वाटतं. यावर हसता येईल. पण पोरीलाही ते सोनंच वाटलं. गावभर संत्री होती, तिची अशी नव्हती. बगीचेवाल्याच्या लेकीची ही गत, तर बोर्डिंगातल्या पोरीचं काय सांगावं. कळमन्याचा ढीग पाहून पोट भरत नाही.

खरं तर नागपूरच्या पहिल्या मिशनऱ्यांनी नाताळ आणला असेल असं मी आजवर गृहीत धरून चालले होते. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आला. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ चं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेला, ते थोड्यांना ठाऊक असतं. पण तो स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा माणूस होता, आणि स्कॉटलंडात नाताळ हा सण नव्हताच. तिथल्या पार्लमेंटनं १६४० मध्ये नाताळची सुट्टी मोडीत काढली होती. बायबलात जन्माची तारीख नाही, मग हे २५ डिसेंबर कुठून आलं, असा त्या कडव्या मंडळींचा रोकडा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता. त्या तारखेचा सण म्हणून पहिला लेखी उल्लेख सापडतो तो ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात, म्हणजे येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. स्कॉटलंडात नाताळला सार्वजनिक सुट्टी पुन्हा मिळाली ती थेट १९५८ मध्ये. तोपर्यंत तिकडे त्या दिवशी कारखाने चालू, दुकानं उघडी, आणि सगळी मौज ३१ डिसेंबरच्या रात्री. हिस्लॉप आपल्या बालपणी नाताळच्या सकाळी पायमोजा चाचपत उठला असेल, असं मानायला काही जागा नाही.

मग आणला कुणी? कामठीच्या छावणीत १८२१ पासून गोरे शिपाई होते, त्यांच्याबरोबर इंग्रजी नाताळ आला असणार. फ्रान्समधल्या, आल्प्सच्या पायथ्याच्या ॲनेसीहून आलेले कॅथलिक पाद्री मध्यरात्रीची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, घेऊन आले. पुढे अमेरिकन, स्वीडिश, नाना मिशनं. ज्याला आपण डोळे मिटून जुनं समजतो ते किती ताजं होतं तेही बघा. हिस्लॉप नागपुरात पाऊल ठेवत होता तेव्हा नाताळचं छापील कार्ड अवघं दोन वर्षांचं होतं, लंडनच्या हेन्री कोलनं १८४३ मध्ये काढलेलं. टॉम स्मिथचा फटाक्यासारखा फुटणारा क्रॅकर अजून जन्माला यायचा होता. नाताळचं झाड जर्मनांच्या घरी जुनं, पण इंग्लंडात घरोघर गेलं ते राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये साप्ताहिकात छापून आल्यावर. म्हणजे इथल्या सदर भागातल्या बंगल्यांत आणि लंडनच्या मध्यमवर्गी घरांत हे सगळं जवळजवळ एकाच पिढीत पोचलं. आमच्याकडे कुणी म्हणतं, हे तर परक्यांचं अनुकरण. साहेबही जर्मनांचं अनुकरणच करत होता की.

मावशींच्या हॉलमध्ये टीव्हीखाली गव्हाणी मांडलेली असते. यंदाही होती. खोक्याला खाकी कागद चुरगाळून लावलेला, वर गवताचं छप्पर, आत प्लास्टरचे मरिया आणि योसेफ, मेंढपाळ एकच कारण दुसरा मागच्या वर्षी फुटला. आणि या सगळ्यांवर सावली धरून उभा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. नातवाचा. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, पायाला चाकं. योसेफ त्याच्या गुडघ्याला लागतो. प्लास्टरचा बैल हरवला म्हणून एका वर्षी तात्पुरता ठेवला होता, मग पोरानं त्याला हलूच दिलं नाही. आता श्रावण-भाद्रपदात पोळ्याला हा बैल गल्लीतल्या मिरवणुकीत फिरतो, बोजारा, म्हणजे घरोघरची ओवाळणी, कमावून आणतो, आणि डिसेंबरात बेथलेहेमला हजर होतो. १२२३ साली इटलीत ग्रेचो गावी फ्रान्सिस ऑफ असिसीनं पहिली गव्हाणी मांडली तेव्हा त्यानं खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं होतं. गावातल्या अडाणी माणसाला गोठ्यातला जन्म डोळ्यांनी दिसावा, शेणाच्या वासासकट, एवढाच त्याचा हेतू. चाकाचा बैल त्यानं नक्की चालवून घेतला असता.

गोठ्यातल्या जनावरांशी माझंही जुनं नातं आहे. सिस्टरांच्या शाळेत मी सलग मेंढी होते. मरिया व्हायला रंग गोरा लागायचा. तसं कुणी बोलून दाखवत नसे, पण दरवर्षी निवड बघितली की कळायचं. देवदूताला उंची लागायची, मेंढीला काहीच लागायचं नाही. आईनं बाबांच्या जुन्या बनियनवर खळ लावून घरचाच कापूस चिकटवला होता, न पिंजलेला, मधूनमधून सरकी असलेला. डिसेंबरच्या गारठ्यातही तो इतका चावायचा की सगळे मेंढपाळ तारा बघायला वर माना करायचे तेव्हा मी खाली मान घालून पोट खाजवत असे. झाडावर, खिडक्यांवर, गव्हाणीच्या छपरावर बर्फ म्हणून कापूसच. विदर्भात बर्फ कुणी पाहिलेला नाही, कापूस मात्र पोत्यानं. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता आणि घरात रोज त्यावरूनच बोलणं चालायचं. स्टेजवर मात्र तोच कापूस वरून भुरभुरायचा आणि टाळ्या पडायच्या. बाबा एकदा नाटक बघायला आले होते. काय आवडलं विचारल्यावर म्हणाले, “एवढा कापूस वाया घालवला बे.”

आता मॉलमध्ये बर्फ यंत्रातून उडतो, साबणाच्या फेसाचा. त्याखाली भाड्याचा सांता उभा असतो. यंदाचा सांता आमच्या गल्लीतला निघाला. गणपतीत तो ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. पोटाला उशी बांधून, दाढी सरळ करत तो लहान मुलांना विचारत होता, “काय पायजे बे तुले?” आणि इंग्रजी शाळेतली मुलं घाबरून आईच्या मागे लपत होती. मॉलमधलं मला काही आवडलं असेल तर तेवढंच.

मला नाताळात सगळ्यात प्रिय काय असेल तर कॅरल गाणाऱ्यांची टोळी. याचं कारण भुलाबाई. शाळकरी वयात आम्ही घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत हिंडायचो, शेवटी खिरापत ओळखायची आणि ती खाल्ल्याशिवाय तिथून उठायचं नाही. जुन्या इंग्लंडात नाताळला दारोदार गाणारे असेच हटून बसत. गाणी म्हणायची, खायला-प्यायला मागायचं, मिळेपर्यंत हलायचं नाही. पिणं अंमळ जास्त व्हायचं. सतराव्या शतकात तिथल्या प्युरिटनांनी नाताळवर बंदी घातली त्यात देवधर्माइतकाच या धिंगाण्याचाही राग होता. आमच्या मेकोसाबाग, मोहननगरच्या टोळ्यांना चहा, केक आणि बिस्किटांवर भागवावं लागतं, पण न हलण्याची जिद्द तीच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून रात्री नऊनंतर त्या निघतात. मफलर, कानटोप्या, एक हार्मोनियम मोटरसायकलवर मधे धरून, एक ढोलकी, एक झांज. गिटारवाला कॉलेजचा पोरगा असतो, त्याला कुणी ऐकत नाही. इंग्रजी एक-दोन होतात, हिंदी होतात, आणि मग कुणीतरी म्हातारा खाकरून मराठी भजन धरतो तेव्हा ढोलकीला खरा जोर चढतो.

त्यातली बरीचशी कवी नारायण वामन टिळकांची. टिळक नागपुरात होते हे आपण विसरून गेलो आहोत. ख्रिस्ती होण्याआधी ते इथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं राहिले, आणि १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना बायबल दिलं. बाप्तिस्मा दोन वर्षांनी मुंबईत झाला. ओव्या, अभंग आणि कीर्तन त्यांच्या रक्तातच होतं, ते काही बाप्तिस्म्यानं धुतलं गेलं नाही. त्यांनी येशूला थेट अभंगात आणून बसवलं. म्हणूनच सासूबाई, ज्यांना संत्र्याचं कोडं पडतं, त्या कॅरलवाल्यांच्या भजनाला गॅलरीत उभ्या राहून नकळत टाळी धरतात. भजन संपलं की म्हणतात, आवाज चांगला हाये, पण विठ्ठल नाही त्याच्यात.

यंदा मावशींच्या नातवाबरोबर मीही टोळीसोबत थोडी हिंडले. हिवाळी अधिवेशनाचे दिवस, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, जिकडेतिकडे बॅरिकेड आणि त्यामागे बाहेरगावाहून बंदोबस्ताला आणलेले पोलीस. टोळीला एका बंगल्यावर गायला जायचं होतं, वाट नेमकी अडवलेली. ढोलकीवाल्यानं हवालदाराला समजावून पाहिलं. हवालदार यवतमाळकडचा, कानाला मफलर, हातात काठी आणि कागदी कप. म्हणाला, वर विचारावं लागेल. वर विचारायला वायरलेसवरून कुणी सापडेना. तेवढ्यात टोळीतल्या म्हाताऱ्यानं हार्मोनियम मोटरसायकलच्या सीटवरच मांडलं आणि भजन सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला तीन-चार शिपाई शेकोटीवरून उठून जवळ आले. एकानं झांज मागून घेतली, आणि ती त्यानं टोळीतल्या पोरापेक्षा चांगली वाजवली. त्याच्या गावाकडे भजनी मंडळ होतं म्हणे. एकामागून एक गाणी झाली, चहाचे कप आले, कुणीतरी संत्रा गोळ्या वाटल्या. मावशींचा नातू पोलिसाची टोपी घालून आणि स्वतःची लाल टोपी त्या पोलिसाच्या डोक्यावर चढवून उभा होता, आणि त्याचा फोटो काढायला मात्र हवालदारानं सक्त मनाई केली. शेवटी ढोलकीवाल्यानं पुन्हा विषय काढला, साहेब, आता तरी जाऊ द्या. हवालदारानं कप शेकोटीत टाकला, बॅरिकेडवर हात ठेवला आणि म्हणाला, “अजून एक होऊन जाऊ द्या. रस्ता तर सकाळी सहाशिवाय खुलत नाही.”